चाळिशीतल्या सल्ल्याची सोय

करिअर मार्गदर्शन हा दहावी-बारावीच्या निकालानंतरचा विषय, ही समजूत आता अपुरी आहे. कारखाना बंद पडणे, कामाची पद्धत बदलणे, मुलांच्या संगोपनासाठी नोकरी सोडावी लागणे, अशा कारणांनी चाळिशीतही नवी वाट शोधावी लागते. नेमक्या त्याच वेळी खासगी समुपदेशकाची फी आवाक्याबाहेर जाते.

सरकारी सोय मात्र उपलब्ध आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये सुरू झालेली रोजगार सेवा पुढे सर्वांसाठी खुली झाली. २०१५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय करिअर सेवा मोफत नोंदणी व मार्गदर्शन देते. महाराष्ट्रात जिल्हा पातळीवर कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रे आहेत. हातात कसब आहे पण प्रमाणपत्र नाही, अशांच्या अनुभवाला परीक्षेद्वारे मान्यता मिळू शकते. शिक्षण अर्धवट राहिलेल्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे.

चांगला सल्लागार आधी ऐकून घेतो. अनुभव, घरची जबाबदारी, कर्जाचे हप्ते आणि प्रवासाचे अंतर विचारात घेऊन दोन-तीन शक्य पर्याय मांडतो. नोकरीची हमी देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहणेच हिताचे.

ही केंद्रे केवळ नोंदणीच्या खिडक्या राहू नयेत. प्रौढांचे प्रश्न जाणणारे प्रशिक्षित समुपदेशक तिथे हवेत, आणि नोकरदारांना जाता येईल अशा संध्याकाळच्या व रविवारच्या वेळाही हव्यात.