कंपनीचे नाव कपड्यावर घालताना

गणवेशाचे कापड घेताना गिऱ्हाईक आम्हाला मीटरचा भाव विचारते, रंग पक्का आहे का, आटेल किती, हेही विचारते. छातीवर कंपनीचे नाव कसे घालायचे हा प्रश्न मात्र सर्वांत शेवटी निघतो आणि "ते तुम्हीच बघून घ्या" एवढ्यावर मिटतो. आमच्या दुकानात आजवर जो माल परत आला, त्यातला बराचसा या 'बघून घ्या'पायी आला आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यासाठी आम्ही मरून रंगाचे पॉलिएस्टरचे दोनशे चाळीस टी-शर्ट दिले. त्यावर पांढऱ्या शाईत नाव छापले. माल पोहोचला त्या दिवशी अक्षरे दुधासारखी होती. आठ दिवसांत ती गुलाबी झाली. मालकाने सगळा गठ्ठा परत केला आणि आम्ही छपाईवाल्याची मजुरी अडकवून ठेवली. त्याने बिचाऱ्याने नंतर शांतपणे समजावले. पॉलिएस्टरचा रंग जास्त उष्णतेला वाफ होऊन वर चढतो आणि शाईत उतरतो. नेहमीची प्लॅस्टिसोल शाई सुमारे १६० अंशांवर पक्की करावी लागते. अशा कापडावर कमी उष्णतेची शाई, नाहीतर खाली रंग अडवणारा एक थर लागतो. कापड पॉलिएस्टरचे आहे हे आम्ही त्याला सांगितलेच नव्हते! त्याने विचारायला हवे होते, हे खरे. पण कापड आमचे होते. मजुरी दिली ती तीन महिन्यांनी, हे लिहिताना आजही शरम वाटते.

तेव्हापासून आम्ही गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो तो हा की, कपडा धुणार कोण? हॉटेल आणि हॉस्पिटलचे कपडे गरम पाण्यात, ब्लीच घालून धुतले जातात. तेथे भरतकाम टिकते, पण धागा पॉलिएस्टरचा हवा. रेयॉनचा धागा जास्त चमकतो, म्हणून नमुन्यात तोच पसंत पडतो आणि ब्लीचमध्ये तोच फिका पडतो. घरी धुतल्या जाणाऱ्या दुकानातल्या पोरांच्या शर्टाला रेयॉनही चालून जातो.

भरतकामाचा हिशेब हजार टाक्यांवर होतो. छातीवरचे तीन इंचांचे साधे चिन्ह साधारण पाच ते आठ हजार टाके खाते. मागची जमीन धाग्याने भरायचा हट्ट सोडला तर खर्च बराच उतरतो आणि कपडाही मऊ राहतो. पंचिंगचा खर्च एकदाच होतो, ती फाईल जपून ठेवावी. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरे भरू नयेत, 'ब' आणि 'व' सारखेच दिसतात. पातळ होजियरीवर दाट भरतकाम केले की कापड गोळा होते, मग खाली बॅकिंगचा कागद कितीही लावा.

पाठीवरच्या मोठ्या अक्षरांना स्क्रीन छपाई बरी. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून वीस नगांना ती महाग आणि पाचशे नगांना स्वस्त पडते. हल्ली थोड्या नगांसाठी फिल्मवर छापून गरम दाबाने चिकटवतात. रंग हवे तितके मिळतात, काम तासाभरात होते. मात्र वरून थेट इस्त्री फिरली की खेळ खलास. शिवाय पाठीवर हातभर फिल्म चिकटवलेला माणूस मे महिन्यात घामाने निथळतो. आगीजवळ काम करणाऱ्यांना तर असले प्लॅस्टिक अंगावर देऊच नये, ते वितळून कातडीला चिकटते. वेल्डिंगवाल्यांना सुती कापड द्यावे आणि नाव सुती धाग्याने घालावे.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर जेथे नोकर वरचेवर बदलतात, तेथे विणलेली किंवा भरलेली पट्टी वेगळी करून शिवून घ्यावी. नाव छापलेला शर्ट बिघडला तर तो दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, त्याची चिंधीच होते. पट्टी बिघडली तर पट्टीच जाते. भरतकाम कपड्यावरच हवे असेल तर शिवण्याआधी कापलेल्या पल्ल्यावर करावे, आणि खिशावरचे काम खिसा बसवण्याआधी. एका नव्या पोराने बसवलेल्या खिशावर भरतकाम करून पन्नास खिशांची तोंडे शिवून टाकली होती.

आता थोडे आपल्याच लोकांबद्दल. धारावी, मदनपुऱ्याकडे जरीकाम करणाऱ्या घरांतली कितीतरी मुले आज मल्टीहेड मशीनवर आहेत. व्यापारी हजारी दर पाडतो, मग कारीगर टाके विरळ करतो, खालचे कापड डोकावू लागते आणि व्यापारी त्यालाच चोर म्हणतो. दर पाडणाऱ्यांत आम्हीही होतो. आता आम्ही प्रत्येक ऑर्डरबरोबर एक चिठ्ठी देतो. त्यात कापडाचे मिश्रण, धुण्याची रीत, धाग्याचा प्रकार, टाक्यांची संख्या आणि खांद्याच्या शिवणीपासून चिन्हापर्यंतचे अंतर लिहिलेले असते. एक नमुना पाच वेळा धुऊन गिऱ्हाइकाची सही घेतो, तोवर मशीन सुरू होत नाही. यात आठवडा जातो. घाईची दोन गिऱ्हाइके त्यामुळे शेजारच्या दुकानात गेली. त्यांतले एक गेल्या दिवाळीनंतर परत आले, हातात गुलाबी अक्षरांचा शर्ट घेऊन.