कापणीचे यंत्र आणि कातकऱ्याचा विळा

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास भात पिवळे पडते. त्यानंतरचे चार-पाच आठवडे हेच वर्षातील असे दिवस, की जेव्हा जमीनवाला भूमिहीनाच्या दारात जातो. एरवी पावसाळ्यात खावटीसाठी, मुलाच्या लग्नाच्या कर्जासाठी आणि भिवंडी-कल्याणकडील वीटभट्टीच्या उचलीसाठी कातकरी आणि ठाकूर मजूरच दुसऱ्याच्या दारात उभा असतो. पिकलेले भात मात्र वाट पाहत नाही. दाणे गळतात, परतीचा पाऊस आला तर लोंब्यांना मोड फुटतात. पिकाच्या या घाईतच मजुराची वर्षभराची सौदाशक्ती साठलेली असते. भातकापणीच्या यांत्रिकीकरणाची चर्चा वेळ, खर्च आणि उत्पादकता या तीन शब्दांभोवती फिरत राहते. ही चौथी गोष्ट तिच्यात क्वचितच येते.

एक एकर भात विळ्याने कापावयास साधारणतः आठ माणसांचा एक दिवस लागतो. मागून चालवावयाचे लहान कापणीयंत्र, ज्याला शेतकरी रीपर म्हणतात, तेच काम दोन-तीन तासांत उरकते. हार्वेस्टर तर कापणी, झोडणी आणि उफणणी एकाच फेरीत करून धान्य पोत्यात देतो. याला विरोध करणे म्हणजे काळाला विरोध करणे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ते सर्वच धनिकांचे वकील आहेत असे मानण्याचे कारण नाही. दोन-तीन एकरांचा कुणबी किंवा आगरी शेतकरी आज खरोखर अडचणीत आहे. त्याची मुले आसनगाव-वाशिंदहून लोकलने कामाला जातात किंवा भिवंडीच्या गोदामांत माल चढवतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने ठाणे-पालघरचे कापलेले भात खाचरांतच कुजविले, तेव्हा पीक वेळेवर घरात येणे म्हणजे काय हे त्याला नव्याने कळले. हा शेतकरी मजुराचा शत्रू नाही. त्याला मजुराविरुद्ध उभे करणारे राजकारण समाजवादी चळवळीने करता कामा नये.

परंतु या भागाचा इतिहासही विसरता येत नाही. १९४५-४६ साली उत्तर ठाण्यातील वारल्यांनी गवतकापणीचा संप केला, तो पाचशे पौंड गवताला अडीच रुपये या दरासाठी. गवत वाळण्यापूर्वी कापले गेले नाही तर जमीनदाराचा आणि व्यापाऱ्याचा हंगाम बुडतो, हे निरक्षर वारल्याने अचूक ओळखले होते. तो लढा किसान सभेचा, म्हणजे साम्यवाद्यांचा होता; समाजवाद्यांचे त्यांच्याशी कितीही मतभेद असोत, या एका गोष्टीत त्यांची नाडीपरीक्षा बिनचूक ठरली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली, पण भट्टीच्या उचलीने तिचा एक धागा शिल्लक ठेवला. ज्या मजुराला दिवाळीपूर्वी गावात चार पैसे आणि दोन पायली भात मिळते, तो भट्टीमालकाशी थोडे ताठ मानेने बोलू शकतो. ज्याला ते मिळत नाही, तो पावसाळ्यातच उचल घेतो, आणि उचल जितकी लवकर तितका भट्टीवरचा दर कमी.

आता शासनाचे धोरण पाहावे. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला, आणि २००५ मध्ये देशाने ते तत्त्व स्वीकारले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस शंभरावरून एकशे पंचवीस केले, परंतु खर्चाचा मोठा भार राज्यांवर टाकला आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात एकूण साठ दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूद घातली. कारण सांगितले गेले ते असे, की शेतीला मजूर मिळाले पाहिजेत. दुसरीकडे २०१४-१५ पासून केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान चालू झाले. त्यातून कापणीच्या यंत्रांना किमतीच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू लागले, आणि त्याचे समर्थन असे, की शेतीला मजूर मिळत नाहीत. एका हाताने मजुराला शेताकडे ढकलावयाचे आणि दुसऱ्या हाताने शेतात त्याच्या जागी यंत्र उभे करावयाचे, यातील विसंगती दिल्लीला दिसत नसेल असे नाही. दोन्ही उपायांचा रोख त्याच चार-पाच आठवड्यांवर आहे. हमीचे काम बंद असले म्हणजे मजुराला दुसरा पर्याय उरत नाही, आणि यंत्र आले म्हणजे शेतकऱ्याला दुसरा पर्याय मिळतो. मग दर कोण ठरविणार हे सांगावयास अर्थशास्त्री लागत नाही.

या अनुदानाचा पायाच जमीनधारणा हा आहे. ज्याच्या नावे सातबारा, त्याचा अर्ज. ज्या कातकऱ्याच्या नावे झोपडीखालची जागाही नाही, त्याचा विळा मात्र हे यंत्र निकालात काढते. सार्वजनिक पैसा एका बाजूच्या पारड्यात टाकला की तो तटस्थ राहत नाही. कॅलिफोर्नियात हा वाद फार पूर्वी होऊन गेला. तेथे १९६० च्या दशकात राज्य विद्यापीठाच्या संशोधनातून टोमॅटो काढणीचे यंत्र आले. मोठ्यांनाच परवडणाऱ्या त्या यंत्राने दशकभरात टोमॅटो उत्पादकांची संख्या सुमारे चार हजारांवरून सहाशेवर आली, आणि हजारो शेतमजुरांचे काम गेले. १९७९ मध्ये शेतमजुरांच्या वतीने खुद्द विद्यापीठाविरुद्ध दावा दाखल झाला. करदात्यांच्या पैशाने होणारे संशोधन कोणासाठी, हा त्या दाव्याचा प्रश्न होता. आपल्याकडे तो विचारावयास अजून उशीर झालेला नाही.

यंत्र कोणते, हाही प्रश्न आहेच. पंजाबच्या सपाट रानात धावणारा मोठा हार्वेस्टर मुरबाडच्या उतारावरील बांधाबांधांच्या खाचरांत वळतही नाही. जेथे वळतो तेथे तो पेंढा विस्कटून टाकतो, आणि पेंढा म्हणजे या भागातील बैलांची उन्हाळ्याची वैरण. शिवाय त्याने मागे ठेवलेल्या उंच धसकटांत खोडकिड्याची अळी सुखाने राहते. भात जमिनीलगत कापा, हा सल्ला शेतकऱ्याला वर्षानुवर्षे दिला गेला आणि वैभव विळा त्यासाठीच त्याच्या हाती देण्यात आला. डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो केवळ गांधीजींच्या प्रेमापोटी नव्हता. भांडवल थोडे आणि माणसे पुष्कळ असलेल्या देशाला कोणते यंत्र पेलेल याचा तो हिशेब होता. पायाने चालणारे मळणीयंत्र या भागाने आनंदाने स्वीकारले, कारण त्याने झोडणाऱ्या स्त्रीचे खांदे वाचविले आणि पेंढाही शाबूत ठेवला. वाकून वाकून कंबर मोडणारी कापणी पवित्र आहे असे कोणी म्हणू नये. ती करणाऱ्या बाईला कोणी विचारले तर विळा खाली ठेवावयास ती एका पायावर तयार होईल, मात्र त्या दिवसाची मजुरी खाली ठेवावयास ती तयार होणार नाही.

वाचलेल्या वेळेचे काय होणार, हेही पाहिले पाहिजे. पंजाबात भातानंतर गहू पेरावयाची घाई असते, म्हणून तेथे यंत्राने वाचविलेल्या आठवड्याला मोल आहे. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि धरणाच्या कुशीतील पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन मैलोगणती चालतात. ओलाव्यावर थोडा वाल किंवा हरभरा होतो, तेवढाच. दुसऱ्या पिकाला पाणी दिले असते तर यंत्राने मोकळा केलेला हात त्याच शिवारात पुन्हा कामाला लागला असता. पाणी नाही, म्हणून तो भट्टीवर जातो. यंत्राला अनुदान आणि खाचराला कोरड, हा क्रम उलटा आहे.

तेव्हा मागणी यंत्रबंदीची असू नये. ती मालकीची असावी. सार्वजनिक पैशातून येणारे कापणीयंत्र ज्यांचा विळा ते हिरावून घेते त्या मजुरांच्या गटांच्या, विशेषतः कापणी करणाऱ्या स्त्रियांच्या बचतगटांच्या, मालकीचे व्हावे. त्यांनी ते चालवावयास आणि दुरुस्त करावयास शिकावे, शेतकऱ्याने एकरी भाडे त्यांना द्यावे. लहान शेतकऱ्याचे पीक वेळेवर घरात येईल आणि मजुराची सौदाशक्ती नव्या रूपात त्याच्याच हाती राहील. गट बुडतील, यंत्र गावपुढारी बळकावतील, हे आक्षेप खरे आहेत. सहकाराच्या नावाखाली काय काय घडले हे महाराष्ट्राला सांगावयास नको. पण मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेल्या भाई कोतवालांनी सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडविण्यासाठी धान्याच्या पेढ्या उभ्या केल्या होत्या. तेव्हा धान्याची पेढी चालली असेल, तर आज यंत्राची का चालू नये?

शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला जे अधिकार दिले, ते वापरण्याची ही वेळ आहे. कार्यकर्त्यांनी पाड्यापाड्यांवर बसून दोन ठराव तयार करावेत: भूमिहीनांच्या गटांना सातबाऱ्याच्या अटीशिवाय यंत्र मिळावे, आणि कापणीच्या दिवसांत या तालुक्यांतील हमीची कामे बंद ठेवू नयेत. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ते मंजूर झाले, तर भात पिवळे पडण्यापूर्वी तहसीलदारांकडे आणि शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे पाठपुरावा करावयास दोन महिने मिळतात. भट्टीचे मुकादम पाड्यांवर उचल वाटावयास येतात तेही याच दोन महिन्यांत.