भटारखान्यातील वारसा

लंडनच्या पूर्व भागातील ब्रिक लेन येथे २००४ साली आयटीव्ही या वाहिनीने एका कार्यक्रमासाठी खास उपाहारगृह उभारले. कार्यक्रमाचे नाव होते ‘हेल्स किचन’, म्हणजे नरकातील स्वयंपाकघर. माजी मंत्री एडविना करी, धावपटू ड्वेन चेंबर्स, गायिका बेलिंडा कार्लाइल अशी दहा नामवंत मंडळी गॉर्डन रॅमसे यांच्या हाताखाली राबू लागली. आपापल्या क्षेत्रात मान मिळवलेली ही माणसे चुलीसमोर मात्र नवशिकी ठरली.

व्यावसायिक भटारखान्याचा ताण कशात असतो? एका मेजावरील चार जणांचे चार पदार्थ चार निरनिराळ्या चुलींवर शिजतात. पण ते एकाच क्षणी बाहेर जावे लागतात. एक पदार्थ मागे पडला की उरलेले तीन निवतात आणि पुढच्या मेजांची सारी घडी विस्कटते. रॅमसे यांच्या आरडाओरड्याने हा ताण घरोघरी पोहोचला. ताटे परतवली जात, कठोर शब्दांचा भडिमार होई. उत्तम काम हवे असेल तर एवढे सोसलेच पाहिजे, असा अनेक प्रेक्षकांचा समज झाला.

ज्यांनी ही कामाची विभागणी रूढ केली, ते फ्रेंच पाकशास्त्री ऑगुस्त एस्कोफिए (१८४६–१९३५) यांचे मत निराळे होते. १८७० च्या युद्धात त्यांनी सैन्यासाठी स्वयंपाक केला होता आणि तेथील शिस्त त्यांच्या अंगी बाणली होती. १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचा भटारखाना त्यांनी सांभाळला. त्या काळी भटारखान्यांत मद्य आणि शिवीगाळ नित्याचीच असे. एस्कोफिए यांनी दोन्हींना बंदी केली आणि उष्म्यावर उतारा म्हणून जवाचे पेय ठेवले. मागण्या पुकारणाऱ्यास फ्रेंचमध्ये ‘भुंकणारा’ म्हणत. त्यांनी त्यास ‘निवेदक’ म्हणण्याचा प्रघात पाडला. राग अनावर होऊ लागला की ते स्वतःच काही वेळ बाहेर निघून जात, असे सांगितले जाते.

मग हा राग आला कोठून? रॅमसे तरुणपणी मार्को पिअर व्हाइट यांच्या ‘हार्वीज’ या उपाहारगृहात शिकले. व्हाइट यांच्या कौशल्याची ख्याती जितकी, तितकीच त्यांच्या संतापाचीही होती. १९९५ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी, मिशेलिनचे तीन तारे मिळवणारे ते पहिले ब्रिटिश पाककर्मी ठरले. १९९९ मध्ये त्यांनी ते सोडूनही दिले. पुढे २००७ आणि २००९ मध्ये याच कार्यक्रमाची सूत्रे त्यांच्याकडे आली. शिष्याच्या जागी गुरू येऊन बसला! २००९ च्या पर्वात ६६ वर्षांच्या अभिनेत्री लिंडा इव्हान्स विजयी झाल्या.

गुरूकडून शिष्य हातोटी उचलतो, तसा सूरही उचलतो. पेढीवर नव्याने बसणारा मुलगा खतावणी आणि मालाची पारख शिकत असतो. त्याच वेळी हिशेबात चूक करणाऱ्या गुमास्त्याशी वडील कोणत्या आवाजात बोलतात, हेही त्याच्या कानी पडत असते. हा धडा त्याला कोणी मुद्दाम देत नाही, तरी तोच सर्वांत पक्का बसतो.