तापाला नाव हवे

भोर आणि वेल्हे हा सह्याद्रीच्या कुशीतला मुलूख पुण्यापासून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरांवर आहे. त्याच पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. डास, गोचीड यांच्यामार्फत पसरणारे विषाणू शोधणे हेच त्याचे पहिले काम होते. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. म्हणजे विषाणू ओळखणारी देशातील अग्रगण्य प्रयोगशाळा आणि डास-गोचिडांचे माहेर असलेले हे डोंगर यांच्यामध्ये एसटीचा दोन-तीन तासांचाच काय तो प्रवास. तरीही खेड्यात कोणी तापाने फणफणले, तर बहुधा ‘व्हायरल आहे’ एवढ्याच शब्दांत त्याची बोळवण होते. हे उत्तर अपुरे आहे, असे आम्हांला वाटते.

यावर कोणी म्हणेल, की अशा बहुतेक विषाणूंवर खास औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी, ताप उतरवण्याची गोळी आणि रुग्णावर लक्ष, हेच उपचार. मग विषाणूचे नाव कळून फायदा काय? एका रुग्णापुरता हा प्रश्न बरोबर वाटतो. पण गावाचा विचार केला, की उत्तर बदलते. विषाणूचे नाव कळले की त्याचे वाहन कळते, आणि वाहन कळले की ते कोठे अडवायचे ते कळते.

भोर-वेल्ह्याच्या भूगोलाकडेच पाहा. पावसाळ्यात येथे भातखाचरे तुडुंब भरतात. तेथे वाढणारे क्युलेक्स जातीचे डास जपानी मेंदूज्वराचा विषाणू वाहू शकतात. उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर पाण्याची टंचाई असते, म्हणून घरोघर पिंपे आणि रांजण भरून ठेवतात. डेंगी व चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस डासाला असे साठवलेले पाणी फार मानवते. गोठ्याच्या ओलसर मातीत आणि भिंतींच्या भेगांत वाळूमाशी राहते. तिच्यामार्फत चांदीपुरा विषाणू पसरतो. हा विषाणू १९६५ साली नागपूर भागातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम सापडला, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा फार वेगाने परिणाम होतो. रानात गुरांच्या व माकडांच्या अंगावर गोचिडी असतात. हे सर्व रोग या भागात आहेत, असा याचा अर्थ नव्हे. पण ताप आला असता पिंप झाकायचे, भेगा लिंपायच्या की रानात जाताना अंग झाकायचे, हे केवळ तापमापकाकडे पाहून ठरवता येणार नाही, एवढे मात्र खरे.

मग विषाणू ओळखतात तरी कसा? डेंगीच्या विषाणूचा व्यास सुमारे ५० नॅनोमीटर असतो. असे वीस हजार विषाणू रांगेत ठेवले, तर एक मिलिमीटर भरेल. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसणे शक्यच नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या खुणा शोधतात. पूर्वी रुग्णाचे रक्त किंवा चिरडलेल्या डासांचा द्राव उंदराच्या एक-दोन दिवसांच्या पिलांना टोचत आणि ती आजारी पडतात का ते पाहत. पुढे पेशींच्या संवर्धनात विषाणू वाढवता येऊ लागले. यात पुण्याचा वाटा मोठा आहे. के. आर. पी. सिंह यांनी १९६७ साली पुण्याच्या केंद्रात एडिस डासांच्या अळ्यांपासून पेशींचे संवर्धन केले. त्या पेशींचे वंशज आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जातात.

आज तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत घेतलेल्या रक्तात विषाणूचा जनुकीय अंशच पीसीआर चाचणीने शोधता येतो. त्यानंतर रक्तातला विषाणू ओसरतो आणि त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडे वाढतात. ती एलायझा चाचणीने ओळखतात. पण येथे एक गोम आहे. डेंगी, झिका, जपानी मेंदूज्वर हे विषाणू एकाच कुळातले असल्यामुळे एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीतही हजेरी लावू शकतात. म्हणून कधी दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन पहिल्याशी ताडून पाहावा लागतो. ताप कोणत्या तारखेला आला, हे नमुन्यासोबत लिहिलेले नसेल, तर उत्तम यंत्रेही गोंधळात पडतात.

नावाने किती फरक पडतो, हे १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात दिसले. क्यासनूरच्या जंगलात माकडे मरत होती आणि आसपासची माणसे तापाने आजारी पडत होती. भारतात पीतज्वर शिरला की काय, अशी भीती पसरली. पीतज्वर असता तर सारी शक्ती डासांवर खर्च झाली असती. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा केला, तेव्हा त्याचे नाते रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराशी जुळले. गुन्हेगार डास नव्हता, गोचीड होती. हाच माकडताप २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला.

आणखी जवळचे उदाहरण भोरच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातले आहे. २०२१ च्या जुलैत बेलसर गावी तापाची साथ आली. नमुने पुण्याला गेले, तेव्हा चिकुनगुन्या आणि डेंगीबरोबर झिकाचाही एक रुग्ण निघाला. महाराष्ट्रातला तो पहिलाच. गरोदर स्त्रीच्या बाळाला झिकापासून धोका असतो. त्यामुळे हे नाव कळणे गावाच्या दृष्टीने किती मोलाचे होते, हे वेगळे सांगायला नको.

प्रत्येक तापाचे रक्त तपासा, असे आमचे म्हणणे नाही. ते शक्यही नाही. पण एका वस्तीत एकाच आठवड्यात अनेकांना ताप आला, मूल तापात झटके येऊन बेशुद्ध झाले किंवा रानात माकडे मरू लागली, तर नमुने वेळेत, बर्फात ठेवून पुढे गेलेच पाहिजेत. आणि निष्कर्ष परत त्या गावात, समजेल अशा मराठीत आला पाहिजे. रक्त देणाऱ्या माणसाला उत्तर न कळणे हा अन्यायच आहे.

यात शाळेलाही काम आहे. हजेरीपट हे साथीचे उत्तम तापमापक आहे. एका वर्गातली पाच-सहा मुले तापाने गैरहजर असतील, तर गुरुजींनी किंवा बाईंनी गाव, तारीख आणि लक्षणे लिहून प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. विद्यार्थ्यांनी मेलेल्या माकडाला हात लावू नये, पण ते कोठे दिसले ते मोठ्यांना जरूर सांगावे. विषाणूचा शोध पुण्याच्या प्रयोगशाळेत पुरा होत असेल, पण त्याची सुरुवात तुमच्या गावात, कोणी तरी नीट लिहून ठेवलेल्या एका तारखेपासून होते.