कट्ट्यावरचा डाव आणि फोनवरचा डाव

1956 साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, तेव्हा बिदर जिल्ह्याचेही तीन झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाकडे गेले. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रकडे. उरलेला बिदर म्हैसूरकडे. या वाटणीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु तिचा एक परिणाम कोणी सांगितलेला माझ्या वाचनात नाही. तो पत्त्यांसंबंधी आहे.

तेलंगणाने 2017 मध्ये आपला जुगाराचा कायदा बदलून फोनवर पैसे लावून खेळण्यास बंदी केली आणि रमीलाही त्यातून सूट ठेवली नाही. कर्नाटकाने ऑक्टोबर 2021 मध्ये 1963 च्या पोलीस कायद्यात तशीच दुरुस्ती केली. पण 14 फेब्रुवारी 2022 रोजी उच्च न्यायालयाने तिचा मुख्य भाग रद्द ठरविला. महाराष्ट्रात 1887 चा मुंबई कायदा चालू आहे आणि कौशल्याच्या खेळांना त्यात मोकळीक आहे. म्हणजे पुढची तीन-साडेतीन वर्षे जहीराबादच्या माणसाला जे वर्ज्य होते, ते बिदरच्या आणि उदगीरच्या माणसाला खुले होते. कंपन्याही फोनचा ठावठिकाणा पाहून तेलंगणातल्या गिऱ्हाइकाला अडवीत आणि हद्द ओलांडली की आत घेत. एका काळी एकाच जिल्हा कचेरीत सारा भरणाऱ्या गावांची ही गोष्ट आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून हा घोळ एका झटक्यात मिटविला. 22 तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि नावाजलेल्या कंपन्यांनी पैशाचे डाव भराभर बंद केले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्नच या कायद्याने बाद केला; फोनवर पैसा लागला की तो वर्ज्य. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. शिक्षा आहे ती खेळ चालविणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड.

मला हा कायदा पुष्कळसा योग्य वाटतो. त्याच्या समर्थनार्थ जे बोलले जाते ते मात्र मला पटत नाही. फोनवरची रमी वाईट, कारण जुगार वाईट, असे म्हणून आपण मोकळे होतो. मग भालकीच्या किंवा औरादच्या कट्ट्यावर, दिवाळीच्या पाडव्याला, पाच-पाच रुपये लावून जो डाव पडतो त्याचे काय? तो मी पाहिला आहे आणि खेळलोही आहे. (पोकर नावाचा विलायती खेळ मात्र मला इकडच्या कट्ट्यावर कधी दिसला नाही. त्याची ओळख आमच्या पोरांना फोननेच करून दिली.) दोहोंत पत्ते तेच, तेरा पाने तीच, जोकरही तोच. मग फरक कुठे आहे?

तो हिशोबात आहे. समजा पाच गडी बसले, प्रत्येकाच्या खिशात दोनशे रुपये, दर डावाला प्रत्येकी वीस. कट्ट्यावर शंभर डाव झाले तरी सारे हजार रुपये त्या पाचांच्याच खिशांत फिरत राहतात. फार तर एकाच्या खिशात जाऊन बसतात. आता घरवाल्याने दर डावाच्या शंभरातून दहा रुपये नाल म्हणून काढून घेतले असे धरा. शंभर डावांत हजार रुपये त्याचे झाले. कोण हुशार, कोण अडाणी, कोणाला पाने मोजता येतात, या गोष्टींनी एवढेच ठरणार की आधी कोण संपतो. हिशोब ढोबळ आहे, पण त्याचा रोख खरा आहे.

आता शंभर डावांना वेळ किती लागतो ते पाहा. कट्ट्यावर पत्ते पिसायचे, काटायचे, वाटायचे. मध्येच चहा येतो, कोणी विडी पेटवतो, मागच्या पानावरून वाद होतो. एका रात्रीत पंधरा-वीस डाव झाले तर खूप. फोनवर पिसणे क्षणात होते, गडी आपोआप मिळतात, आणि एकाच वेळी दोन-तीन डाव मांडता येतात. तेव्हा डाव पाच रुपयांचा आहे, असे म्हणून मनाचे समाधान करण्यात अर्थ नाही. बाजी लहान असली तरी नाल दर डावाला पडते.

त्यात 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर शेकडा 28 कर बसला. सरकार आणि कंपनी यांचे घेऊन झाल्यावर गड्यांनी आपसात काय जिंकायचे?

दुसरा फरक शेजाऱ्याचा. कट्ट्यावर एखादा हरत सुटला की कोणीतरी म्हणतोच, “दादा, आता पुरे, वहिनी वाट पाहत असतील.” म्हणणारा जिंकत असला तरी म्हणतो, कारण उद्या त्याला याच्याच बैलांनी शेत नांगरायचे असते. फोनवर शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्राचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची विधान परिषदेतील दृश्यफीत गाजली. आपण रमी खेळत नव्हतो, जाहिरात बंद करीत होतो, असे ते म्हणाले. ते खरे असेल, आणि फोनकडे पाहून कोणाचे काय चालले आहे हे सांगता येत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे. पुढे त्यांचे खाते बदलून त्यांना क्रीडा खाते मिळाले. असो.

कट्ट्याची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. तीन पत्तीपायी गहाण पडलेली शेते या भागात ज्याला त्याला ठाऊक आहेत. परंतु तिथेही नीट पाहिले तर जिथे घरवाला नाल काढतो तोच अड्डा रोज भरतो. जिथे नाल नाही तो डाव सणापुरता असतो.

हे न्यायालयाने कधीच ओळखले होते. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर 1963 साली छापा पडला. खटला जुन्या निजामी जुगार कायद्याखालचा, फसली 1305 चा. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि आरोपी सुटले. रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, म्हणून ती मुख्यतः कौशल्याचा खेळ, हे त्या निकालातले वाक्य कंपन्यांनी पुढे पन्नास वर्षे मिरविले. त्याच निकालात पुढे म्हटले आहे, की घराचा किंवा क्लबचा मालक रमीच्या बाजीतून नफा काढीत असेल तर गुन्हा ठरू शकतो. ते मिरविण्याचे कारण कंपन्यांना नव्हते.

त्याहूनही जुना आधार आमच्या घरचाच आहे. आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचे कल्याण; तिथे विक्रमादित्याच्या काळी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. कलबुर्गीकडचे मरतूर हे त्याचे गाव म्हणून दाखवतात. मनूने द्यूत सरसकट बंद करा म्हटले. याज्ञवल्क्याने तसे म्हटले नाही. जुगारघर चालविणारा तो सभिक; त्याने मोठ्या डावावर शेकडा पाच, इतरांकडून शेकडा दहा घ्यावे, राजाचा ठरलेला भाग द्यावा आणि जिंकणाऱ्याचे पैसे त्याला मिळवून द्यावेत. खेळ एकाच जागी, देखरेखीखाली चालावा, म्हणजे चोर ओळखू येतात. आणि जिथे सभिक उघड आहे, राजाचा भाग पोचला आहे, तिथेच राजाने जिंकणाऱ्याचे येणे वसूल करून द्यावे, एरवी नाही.

आता देशातल्या कंपन्यांचे डाव बंद आहेत. परदेशांतून चालणारे मात्र मधल्या दलालांमार्फत गिऱ्हाईक शोधतात, आणि त्यांच्या खात्यात पैसे अडकलेला औरादचा पोरगा तक्रार घेऊन ठाण्यावर जाऊ धजत नाही. शिक्षा आपल्याला नाही, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.