सावली कोणी द्यावयाची?

चैत्र उलटू लागला, बालाघाटाच्या रांगांवरचे गवत वाळून पांढरे पडले आणि बीड शहरातील रस्ते भर दुपारी ओस पडू लागले की, घरोघर एक प्रश्न दरवर्षी न चुकता विचारला जातो : मुलांना ह्या उन्हात शाळेत पाठवावे की न पाठवावे? प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचे उत्तर शासन दरवर्षी निराळे देते, पालक आपापल्या ऐपतीप्रमाणे देतात, आणि ज्यांच्या जिवाशी तो निगडित आहे त्या मुलांना मात्र कोणीच काही विचारीत नाही. आमच्या मते ह्या प्रश्नाची मांडणीच मुळात अपुरी होत आली आहे. शाळा उघडी की बंद, एवढ्यावरच सारा वाद अडतो. मूल शाळेत नसेल तेव्हा ते कोठे असेल, हे कोणी विचारीत नाही. बीड जिल्ह्यापुरते तरी ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज पहिल्याचे उत्तर देता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम शासनाच्या उत्तरांचा हिशेब पाहू. २०२२ साली कोरोनाकाळात बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी एप्रिलअखेरपर्यंत पूर्णवेळ शाळा भरवाव्यात असे फर्मान निघाले. २०२३ साली १६ एप्रिल रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात चौदा माणसे उष्माघाताने दगावली; त्या धक्क्याने जागे होऊन शासनाने २१ एप्रिलपासून शाळांना सुट्टी देऊन टाकली. २०२४ साली एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पत्र निघाले आणि २२ एप्रिलपासून मुलांना शाळेत येण्यातून सवलत मिळाली. २०२५ साली मात्र वारे पुन्हा फिरले. पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल ह्या काळात राज्यभर एकाच वेळापत्रकाने घ्याव्यात आणि १ मे रोजी निकाल लावावेत असे ठरले. तर मार्चअखेरच्या दुसऱ्या पत्राने प्राथमिक शाळा सकाळी सात ते सव्वाअकरा आणि माध्यमिक शाळा सात ते पावणेबारा अशा भराव्यात असा हुकूम झाला. चार उन्हाळे आणि चार उत्तरे! त्यांतही गंमत अशी की, लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नवाच्या आत भरवू नयेत, असा निर्णय ह्याच शिक्षणखात्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला होता. म्हणजे थंडीत ज्या मुलाला झोपू द्यावयाचे, त्यालाच वैशाखाच्या तोंडावर पहाटे पाचला उठवावयाचे.

ह्या धरसोडीमागे दुष्ट हेतू आहे असे आम्ही म्हणणार नाही. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला दोनशे आणि सहावी ते आठवीसाठी दोनशे वीस कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. एप्रिलच्या आरंभी परीक्षा उरकली की पटावरची मुले दुसऱ्या दिवसापासून नाहीशी होतात आणि महिनाभर शाळा नावापुरती उघडी राहते, ही खात्याची तक्रार खोटी नाही. उलट बाजूने, भट्टीसारख्या तापलेल्या पत्र्याखाली पेपर सोडविणाऱ्या मुलाची परीक्षा गणिताची होते की सहनशक्तीची, हा शिक्षकांचा सवालही तितकाच खरा आहे. अमेरिकेत लक्षावधी विद्यार्थ्यांच्या गुणांचा अभ्यास करून २०२० साली काही अर्थशास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की, जेथे वर्ग थंड ठेवण्याची सोय नाही तेथे शालेय वर्ष एक अंश फॅरनहाइटने अधिक तापले तर त्या वर्षीचे शिकणे सुमारे एक टक्क्याने घटते. दिवस भरले म्हणजे शिक्षण झाले, ही समजूत उन्हाळ्यापुरती तरी टाकून दिली पाहिजे.

आता उन्हाविषयी. लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे. वजनाच्या मानाने त्याची कातडी अधिक, म्हणून बाहेरची उष्णता ते लवकर शोषून घेते. घाम मात्र त्याला कमी येतो. खेळाच्या भरात तहान लागल्याचे त्याला कळत नाही, आणि कळले तरी गुरुजींची परवानगी घेण्याचा संकोच आड येतो. शिवाय ज्या आकड्यावर सरकारी इशारे अवलंबून असतात तो आकडाही जपूनच वाचावयास हवा. सपाट प्रदेशात पारा चाळीस अंशांवर गेला आणि तो नेहमीच्या मानापेक्षा साडेचार अंशांनी वर असला, किंवा पंचेचाळीसला टेकला, म्हणजे हवामान खाते उष्णतेची लाट म्हणते. जेथे मे महिन्यात पारा नित्यच चाळिशीच्या आसपास असतो, त्या मराठवाड्यात बेचाळीस-त्रेचाळीसचा दिवस त्या व्याख्येत बसेलच असे नाही. व्याख्येत न बसलेले ऊन कमी भाजते असे मात्र कोणी समजू नये. खारघरला त्या दिवशी पारा चाळीसपर्यंतही पोहोचला नव्हता, तरी माणसे गेली. हवेतील दमटपणा आणि डोक्यावर नसलेली सावली ह्यांनीच घात केला.

इतके सांगितल्यावर सुजाण वाचक सहजच म्हणतील, मग शाळा सरसकट बंदच का ठेवू नये? येथेच आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यातील एक घटना बीड जिल्हा विसरला नसेल. दुष्काळाचे ते वर्ष. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येऊ लागले ते त्याच पंधरवड्यात. बीड जिल्ह्यातील एका खेड्यात बारा वर्षांची एक मुलगी हापशावरून घरी पाणी आणण्यासाठी फेऱ्या घालीत होती. पारा बेचाळीस अंशांवर होता. जवळजवळ चार तास ती त्या उन्हात होती. अखेर ती कोसळली आणि मरण पावली. तो दिवस रविवार होता. शाळेला सुट्टी होती.

ही गोष्ट आम्ही मन हेलावण्यासाठी सांगत नाही. सुट्टी आणि सावली ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत, एवढेच तिच्यावरून दाखवावयाचे आहे. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरी शाळेला सुट्टी म्हणजे मूल पंख्याखाली किंवा कूलरसमोर, पन्ह्याचा पेला हातात आणि दुपारची झोप. परंतु पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी ह्या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर सुट्टीचा अर्थ असा नसतो. तेथे घर म्हणजे पुष्कळदा चार पत्रे, आई-बाप कामावर, आणि घरी असलेले मूल, त्यातही मुलगी, म्हणजे पाण्याच्या हंड्याला, शेळ्यांच्या मागे आणि धाकट्या भावंडाला सांभाळावयास मिळालेला एक जादा हात. शाळेतून सुटलेली मुलगी उन्हातून सुटते असा हिशेब मुंबई-पुण्याच्या कचेरीत बसून मांडता येतो. हापशावरच्या रांगेत उभे राहून मांडता येत नाही.

त्यात ऊसतोडीची आणखी एक व्यथा आहे. दिवाळीच्या आगेमागे ह्या जिल्ह्यातून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे कोयता घेऊन निघतात, आणि गाळप संपले की मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहांनी काही मुलांना गावी थोपवून धरले आहे. तरीही पुष्कळ मुले आई-बापांबरोबर फडावर जातात. अशा मुलांच्या दृष्टीने उत्तरार्धातील शाळा म्हणजे परतल्यानंतरचे ते चार-सहा आठवडेच. नेमके तेच आठवडे आपण ‘उन्हाळा कडक आहे’ म्हणून कापून टाकले, तर त्यांच्या वाट्याला राहिले काय? आणि शाळेबरोबर शाळेची खिचडीही जाते. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना माध्यान्ह भोजन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आणि पुन्हा २०१६ साली बजावले, ते उगाच नव्हे. शाळा हे नुसते शिकण्याचे ठिकाण नसून गरिबाच्या लेकराच्या पोटाचाही आधार आहे, ही गोष्ट न्यायालयाने ओळखली.

म्हणून आमचे म्हणणे असे : ज्या जिल्ह्यात घरी सावली नाही, तेथे ती शाळेने दिली पाहिजे, आणि जोवर शाळा ती देऊ शकत नाही, तोवर मुलांना डांबून ठेवण्याचा अधिकारही तिला नाही. दोन्ही वाक्ये एकत्र वाचावीत. पहिल्याच्या आधारे पत्र्याच्या खोलीत दुपारपर्यंत परीक्षा घेणे हे क्रौर्य होय. दुसऱ्याच्या आधारे शाळेला कुलूप लावून मोकळे होणे ही जबाबदारीतून पळवाट होय.

करावयाचे काय? पहिली गोष्ट वेळापत्रकाची. विदर्भातील उन्हाळा निराळा आहे हे राज्याने केव्हाच मान्य केले आहे. तेथील शाळा जूनमध्ये उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२४ साली अन्यत्र १५ जूनला, तर विदर्भात १ जुलैला शाळा भरल्या. मग परभणी-बीडचे ऊन कोकणच्या मापाने का मोजावयाचे? मराठवाड्यालाही आपले स्वतंत्र वेळापत्रक हवे, आणि ते एप्रिलात घाईगर्दीने नव्हे तर शालेय वर्षाच्या आरंभीच जाहीर व्हावयास हवे. परीक्षा मार्चअखेर संपवाव्यात. आणि एप्रिलमध्ये परीक्षेच्या धास्तीविना, अल्प वेळ, वाचन-लेखनाची उजळणी चालावी. फडावरून परतलेल्या मुलांसाठी तर हा महिना राखूनच ठेवावा. बदल अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. २०२५ साली दहावी-बारावीच्या परीक्षा नेहमीपेक्षा सुमारे दहा दिवस आधी घेऊन दाखविल्या गेल्याच. फिलिपाइन्ससारख्या देशाने तर एप्रिल २०२४ मध्ये उष्म्यामुळे वर्ग बंद ठेवावे लागल्यावर आपले शालेय वर्षच पुन्हा जूनकडे वळविले. युनिसेफच्या हिशेबाने २०२४ ह्या एका वर्षात जगातील सतरा कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळेत उष्णतेच्या लाटांमुळे खंड पडला. हे संकट पाहुणे म्हणून आलेले नाही. ते घरातच मुक्कामास आले आहे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. सव्वाअकरा-पावणेबाराला सुटलेले मूल वर्गातील ऊन टाळते आणि वाटेवरच्या उन्हात सापडते. शाळेच्या दारात राहणाऱ्याला त्याचे काही वाटणार नाही. दोन-तीन किलोमीटरवरच्या शेतवस्तीवरून पायी येणाऱ्याला ती वाट अकरा-बाराच्या उन्हातच तुडवावी लागते. एप्रिलमध्ये साडेदहाच्या आत जेवण आटोपून मुलांना सोडावे. आणि ज्यांचे घर दूर आहे किंवा घरी कोणी नाही, त्यांना ऊन उतरेपर्यंत शाळेच्या सावलीत बसू द्यावे. त्यासाठी गावातील एखाद्या भगिनीला मानधन द्यावे लागले, तर तो खर्च वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट सावलीची आणि पाण्याची. अहमदाबादने २०१० सालच्या मे महिन्यातील भयंकर मृत्यूंनंतर २०१३ साली उष्म्याशी सामना करण्याची योजना आखली. पुढे गरिबांच्या घरांची छपरे पांढऱ्या रंगाने रंगविण्याचे कामही तेथे झाले. छपरावर चुन्याचा हात फिरविणे, पत्र्याखाली छत बांधणे, व्हरांड्यात रांजण भरून ठेवणे, मीठ-साखरेचे पाणी आणि जीवनजलाच्या पुड्या कपाटात ठेवणे आणि अंगणात लिंबाची चार झाडे जगविणे, ह्यांपैकी कोणत्या गोष्टीला जागतिक बँकेचे कर्ज लागते? ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि शाळा व्यवस्थापन समिती ह्यांनी मनावर घेतले तर फाल्गुन संपण्यापूर्वी हे होऊ शकते. आणि ज्या दिवशी धोका खरोखरच वाढेल, त्या दिवशी शाळा सोडून देण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला स्पष्ट शब्दांत द्यावा. मुंबईहून पत्र निघून ते गेवराईच्या वस्तीवर पोहोचेपर्यंत ऊन काही थांबून राहत नाही.

पालकांनाही दोन शब्द. ज्यांच्या घरी गारवा आहे त्यांनी मूल घरी ठेवले तर त्यांना कोणी दोष देणार नाही. मूल आजारी असेल, अंगात ताप असेल, किंवा शाळेत पिण्याचे पाणी नाही असे ठाऊक असेल, तर त्या दिवशी न पाठविणे हेच शहाणपण. पाठविलेच तर पोटात काहीतरी घालून, डोक्यावर टोपी आणि हाती पाण्याची बाटली देऊन पाठवावे. चक्कर, मळमळ, गरम कोरडी कातडी किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर सावलीत नेऊन अंग ओले करावे आणि तातडीने दवाखाना गाठावा. परंतु एवढ्याने आपले कर्तव्य संपले असे मानू नये. ‘आमचा बंटी घरी आहे’ म्हणून निश्चिंत होणाऱ्याने आपल्या मोलकरणीची मुलगी ह्या घटकेस कोठे आहे, हेही एकदा विचारून पाहावे. आपल्या संघटना, आपली पत्रे, आपला आवाज शासनाच्या कानापर्यंत पोहोचतो. त्या मुलीच्या आईचा पोहोचत नाही.

शाळा बंद करणे सोपे आहे. त्यास एक कागद आणि एक सही पुरते. शाळा अशी करणे, की भर वैशाखात आई निर्धास्त मनाने म्हणेल ‘जा बाळ, तिथे सावली आहे, पाणी आहे’, हे कठीण आहे. हे कठीण काम शासनाने, जिल्हा परिषदेने आणि आपण सर्वांनी अंगावर घेतले पाहिजे, आणि ते पुढचा चैत्र येण्यापूर्वी घेतले पाहिजे.