पुठ्ठ्यावरची कल्याण लोकल

सुट्टी लागली की खेळांची खोकी माळ्यावरून खाली येतात आणि पहिल्याच दुपारी लक्षात येते, की व्यापारातल्या निम्म्या नोटा गायब आहेत, ल्युडोच्या पिवळ्या सोंगट्या तीनच उरल्यात आणि फासा बहुधा पलंगाखाली आहे. मग नवा खेळ आणा म्हणून हट्ट, नाही तर मुलाच्या हाती मोबाइल. तिसरी वाट आपल्याकडे फारशी कुणी धरत नाही. ती म्हणजे पुठ्ठा, पट्टी आणि स्केचपेन घेऊन खेळच घरी बनवणे. कारागिरी म्हणून ही गोष्ट किरकोळ आहे. चार रेघा तर मारायच्या. खरी मौज नियम ठरवण्यात आहे आणि घरातल्या मोठ्यांनी त्या वेळी तिथे बसून ऐकावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

गेल्या पावसाळ्यात रुळांवर पाणी आल्याने गाड्या बंद होत्या, शाळांनाही सुट्टी होती. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीची चार मुले, सात ते बारा वयाची, आमच्या घरी जमली. शर्टाच्या खोक्यातले दोन पुठ्ठे चिकटपट्टीने जोडून पट तयार झाला. (जुनी कॅलेंडरे या कामी येत नाहीत. त्यांच्या पाठीवर पाककृती आणि लेख छापलेले असतात, आणि घरातले कुणी ना कुणी ते पान फाडू देत नाही.) विषय काय घ्यायचा यावर फार चर्चा झालीच नाही. ज्या गावाचे घड्याळ रेल्वेच्या वेळापत्रकावर लावलेले, तिथल्या मुलांना लोकलशिवाय दुसरे काय सुचणार? ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण अशी आठ स्थानके आणि प्रत्येक दोन स्थानकांमध्ये पाच घरे.

मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी १८५३ साली आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, हे मी उत्साहाने सांगून पाहिले. मुलांनी ते सभ्यपणे ऐकून घेतले आणि आपले भांडण पुढे चालू केले. भांडण पारसिकच्या बोगद्याचे होते. बारा वर्षांच्या मुलाला तो पटावर हवाच होता: आत शिरले की सोंगटी पुस्तकाखाली झाकायची आणि थेट दिव्यापाशी काढायची. दहा वर्षांच्या मुलीचे म्हणणे, लोकल बोगद्यातून जातच नाही. दोघांचेही बरोबर होते. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे आणि दिवा यांदरम्यान पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हापासून जलद लोकल कळवा-मुंब्र्यावरून जाऊ लागल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. मोठ्याला लहानपणी आईच्या मांडीवर बसून पाहिलेला तो अंधार आठवत होता. मुलीला तो आठवण्याचे कारणच नव्हते. शेवटी बोगदा ठेवला, पण त्यात शिरायचे तर ‘मेल’चे कार्ड हाती हवे, असे ठरले. पाऊण तास गेला. तो फुकट गेला, असे मला वाटत नाही.

फासा सापडत नव्हता, म्हणून आजीच्या डब्यातले चिंचोके आले. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू पांढरी, एक तपकिरी. असे चार अर्धे भाग टाकायचे आणि पांढरे मोजायचे. कवड्या नसलेल्या घरांत पूर्वी असाच खेळ चाले. मुलांनी पन्नास वेळा टाकून वहीत रेघा मारल्या, तर ‘दोन’च्या खाली रेघांची दाटी आणि ‘चार’च्या खाली जेमतेम काही. हिशेब सोपा आहे. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असे धरले, तर एकूण सोळा शक्यता होतात. त्यांतल्या सहांत दोन पांढरे येतात आणि एकाच शक्यतेत चारही. चारही पांढरे पडले तर जलद लोकल, ठाण्याहून थेट डोंबिवली, असा नियम त्यावरूनच निघाला. मोठ्याला तीन पांढऱ्यांनाही जलद हवी होती. सर्वांत धाकटा म्हणाला, ‘‘मग सगळ्यांनाच बसायला मिळेल. असं कुठं असतं?’’

असे पट हाताने काढण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. आज जगभर खेळली जाणारी सापशिडी मुळात भारतातली. महाराष्ट्रात तिला मोक्षपट म्हणत आणि परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. कागदावर, कापडावर रंगवलेले जुने पट आजही संग्रहांतून पाहायला मिळतात. वैष्णवांचे बहात्तर घरांचे, जैनांचे चौऱ्याऐंशी घरांचे. घरांना सद्गुणांची, दुर्गुणांची आणि लोकांची नावे. काढणाऱ्याने आपल्याला दिसणारे जग त्यात मांडलेले असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला पोचला आणि पुढे शंभर घरांचा, छापील, सर्वांसाठी एकच होऊन आपल्याकडे परत आला.

‘मोनोपॉली’चेही तेच. लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी जमीनदारीचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी एक खेळ रचला आणि १९०४ साली त्याचे पेटंट मिळवले. त्यानंतर तीसेक वर्षे लोक तो पट घरीच हाताने उतरवून घेत आणि आपापल्या गावची नावे घालत. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर मंडळींनी आपल्या रस्त्यांची नावे घातली. १९३५ साली पार्कर ब्रदर्सनी खेळ बाजारात आणला तेव्हा तीच नावे छापली गेली आणि अमेरिकी पटावर ती अजून आहेत. आपल्या लहानपणच्या व्यापारात मुंबईतल्या जागा विकत घेता येत. माझ्या आठवणीतल्या पटावर डोंबिवली मात्र नव्हती. ज्यांना मुंबईत जागा परवडली नाही म्हणून इकडे यावे लागले, त्यांची मुले सुट्टीभर मलबार हिल विकत घेत बसत!

आमच्या पटाकडे परत येतो. दंडाची घरे प्रत्येकाने आपापली लिहायची होती. ‘पास संपला, ठाण्याला परत’, ‘दारात लटकलात, दोन डाव बाद’, ‘पत्रीपुलावर अडकलात’. कल्याणचा हा जुना पूल २०१८ साली पाडला आणि नवा २०२१ मध्ये सुरू झाला. पण मोठ्याच्या मनात तो अजून अर्धाच बांधलेला असावा. मुलीने मात्र शेवटच्या घरावर लिहिले, ‘कल्याण आले तरी जिंकला नाही. चार पडल्याशिवाय दार उघडायचे नाही.’ मी कारण विचारले. ती म्हणाली, ‘‘बाबा रोज घरी येतात, पण जिन्यातच फोनवर बोलत उभे राहतात. त्यांचा आवाज येतो, पण ते आत येत नाहीत.’’

बाबांनी सोळात एकदा आत यावे, हा तिचा अंदाज होता. मी काही बोललो नाही. रात्री तिचे वडील तिला न्यायला आले, तेव्हा मुलांनी त्यांनाही खेळायला बसवले. कल्याणच्या दारात त्यांची सोंगटी बराच वेळ अडकून पडली. नियम कुणाचा आणि का, ते त्यांनी विचारले. मुलीने सांगितले. त्यांनी पुढचे चिंचोके टाकले ते न बघताच.

पालकांना म्हणूनच सांगावेसे वाटते, की मुलांच्या पटावर सुविचार घालायला जाऊ नका. ‘अभ्यास केला, शिडी चढा’ हे घर मुले तुमच्या समाधानासाठी लिहितील आणि खेळताना विसरून जातील. शुद्धलेखनही सुधारू नका. आमच्या पटावर ‘ठाकूरली’च आहे. एखादा नियम अन्यायाचा वाटला तर एक डाव खेळून पाहा, मुले तो आपणच बदलतात. आमच्याकडे ‘टीसी’चे कार्ड तीनदा बदलले, कारण ज्याच्या हाती ते येई तो इतरांना खेळूच देत नसे.

खर्च म्हणाल तर चिकटपट्टीचा. वेळ मात्र एक अख्खी दुपार लागते. आठवडाभर सकाळी सातला घर सोडून रात्री नवाला परतणाऱ्यांनी रविवारची दुपार कुठून काढावी, हा प्रश्न खरा आहे. निदान मुले पट आखत असताना त्याच खोलीत आडवे पडायला हरकत नाही. नियम ठरताना झोप लागत नाही, हा अनुभव आहे.

आता मुलांच्या डोक्यात दुसरा पट आहे, डोंबिवली पूर्व आणि पश्चिम. फडके रोड, गणेश मंदिर, रिक्षाची रांग, मधे रेल्वेचे पूल. १९९९ पासून गुढीपाडव्याला निघणारी स्वागतयात्रा ज्या घरावर येईल, तिथे सगळ्यांनी थांबायचे, एवढे ठरले आहे. शेअर रिक्षात तिघांच्या जागी चौथा बसवला तर दंड रिक्षावाल्याला करायचा की चौथ्याला, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.